परतीचा पाऊस : किती पडला नव्हे, केव्हा पडला?

शाळेत असताना आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘ऑटम’चं एक चित्र होतं. लाल-पिवळी पानं गळताहेत, मुलांच्या अंगात स्वेटर. आपला शरद म्हणजे तेच, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. पण आपल्याकडे पानगळ शिशिरात. इथला शरद म्हणजे परतीचा पाऊस, ऑक्टोबर हीट आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा निकाल! हे मला हॉस्टेलवर आल्यावर कळलं.

मागच्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी धो धो पाऊस आला. मी म्हणाले, "चला, भजी खाऊ!" माझी रूममेट बार्शीकडची. ती हळूच म्हणाली, "अगं, आमचं सोयाबीन काढून रानात पडलंय." मी गप्प झाले. मग तिच्याकडूनच हा विषय शिकले.

आधी हवामान. सप्टेंबरअखेर ऊन तापतं, पण जमीन ओली आणि हवेत बाष्प भरपूर. म्हणून दुपारपर्यंत उकाडा आणि संध्याकाळी गडगडाटी पाऊस. त्यात बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकला की संपलंच. २०२० च्या ऑक्टोबरात असाच एक पट्टा आंध्रच्या किनाऱ्यावरून थेट सोलापूर, सांगली, पुण्यापर्यंत आला आणि उभी पिकं पाण्यात गेली.

आता पिकं. सोयाबीन जूनमध्ये पेरलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणीला येतं. तेव्हा त्याला हवं कडक ऊन. भिजलं तर शेंगेतच कोंब फुटतात, दाणे डागी होतात. बाजारात ओल साधारण १२ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापला जातो.

पण बांधापलीकडे रब्बी ज्वारीसाठी पड ठेवलेलं रान असतं. त्याला हाच पाऊस हवा! मालदांडी ज्वारी सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबर मध्य या काळात पेरतात आणि बहुतेक ठिकाणी ती नुसत्या ओलीवर येते. इथे आपलं गणित कामाला येतं. एक मीटर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी असं साधारण २०० मिलिमीटर पाणी धरू शकते. एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर. म्हणजे एकरी ८ लाख लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे ८० टँकर! टाकी नाही, पंप नाही, वीजबिल नाही. म्हणून तर जुनी माणसं हस्ताच्या, म्हणजे हत्तीच्या पावसाची वाट बघतात.

मात्र ही टाकी भरते हळूहळू. काळी माती भिजून फुगली की भेगा बुजतात, मग पाणी मुरत नाही, वाहून जातं आणि मातीही नेतं. शिवाय वाफसा येईपर्यंत पाभर रानात घालता येत नाही, पेरणी लांबते.

आता तारखा बघा. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरत. हवामान खात्याने २०२० मध्ये ती ८ ऑक्टोबर केली. नऊ-दहा दिवस आपल्याला काहीच वाटत नाहीत. पण काढणीला आलेल्या पिकाला तेवढे पुरतात. म्हणून ‘यंदा सरासरीच्या ११० टक्के पाऊस’ ही बातमी वाचून खूश होण्याआधी विचारायला हवं : कधी पडला? किती दिवसांत पडला?

रूममेटच्या घरचं सोयाबीन डागी म्हणून पडेल भावात गेलं. ज्वारी उशिरा का होईना, पेरली गेली. तिच्या बाबांचं म्हणणं, एका हाताने नेलं, दुसऱ्या हाताने थोडं दिलं.

यंदा ऑक्टोबरात पाऊस आला तर भजी जरूर खा. पण शेजारच्या खोलीत कुणी गावाकडचं असेल, तर आधी एवढं विचारा, "काय रे, काढणी झाली का?"