भिंत नाही, तरी कैदी पळत का नाहीत?

प्रश्न : आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे जन्मठेपेचे कैदी उघड्या रानात शेती करतात, बायकामुलांसह राहतात, असे ऐकले. तिथे ना उंच भिंत, ना बंदूकवाला पहारा. मग ही माणसे रात्रीतून पसार का होत नाहीत? आणि जन्मठेप म्हणजे चौदाच वर्षे, त्यातही दिवस आणि रात्र वेगवेगळी धरतात, हे खरे का? (एक वाचक, विटा)

उत्तर : दुसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे, पण पहिल्याचे उत्तर त्यातच दडले आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दिवस एक आणि रात्र दुसरी, अशी मोजणी कोणत्याही कायद्यात नाही. पारावर आणि एसटीत मात्र ती पिढ्यान् पिढ्या चालू आहे. शिक्षेत मिळणाऱ्या माफीमुळे माणूस ठरल्या मुदतीआधी घरी येतो. ते पाहून कुणीतरी हा हिशेब जुळवला असावा.

जन्मठेप म्हणजे कायद्याच्या भाषेत मरेपर्यंत कैद. वीस वर्षांचा आकडा कायद्यात आहे खरा, पण तो जन्मठेपेचा निम्मा किंवा चौथा हिस्सा काढायची वेळ आली तर हिशेबाला असावा म्हणून. माफी धरून आपली वीस वर्षे भरली, आता सोडा, असा दावा गोपाळ गोडसे याने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो 1961 मध्ये फेटाळला. माफी साठली म्हणून सुटकेचा हक्क तयार होत नाही. शिक्षा कमी करायची की नाही हे सरकारने ठरवायचे.

मग चौदा कुठून आले? 1978 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत एक कलम घातले गेले. आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, उदाहरणार्थ खून, त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे चौदा हा आकडा सुटकेचा नव्हे. त्याच्या आत सुटका नाही, एवढेच तो सांगतो.

त्यापुढचा हिशेब राज्य सरकारकडे. महाराष्ट्राने गुन्ह्याच्या स्वरूपानुसार टप्पे ठरवले आहेत : कुणाला माफी धरून 20 वर्षे, कुणाला 22, 24 किंवा त्याहून जास्त. ही माफी नीट वागणुकीची आणि केलेल्या कामाची मिळते, आणि बंदिस्त कारागृहाच्या मानाने खुल्या कारागृहात ती बरीच जास्त असते.

आता पळण्याचे पाहू. समजा, एकाच्या वाट्याला 22 वर्षांचा टप्पा आला आहे. प्रत्यक्ष भोगली 15, माफी साठली 5 वर्षांची. उरली 2, आणि खुल्या कारागृहात तीही भराभर कमी होताहेत. हा माणूस पळाला तर मिळवणार काय? लपूनछपून जगणे, नवा गुन्हा, साठलेल्या माफीवर पाणी आणि सापडल्यावर पुन्हा बंद बराक. खुल्या कारागृहाचे दार तर कायमचे बंद. हे गणित शाळा न पाहिलेल्या कैद्यालाही तोंडपाठ असते. किंबहुना उरलेल्या दिवसांचा हिशेब कार्यालयातल्या कारकुनाआधी त्याच्याकडे तयार असतो.

यात निवडीचाही वाटा मोठा आहे. कुणालाही उचलून शेतात सोडत नाहीत. आधी बंदिस्त कारागृहात काही वर्षे काढलेली, वागणुकीला डाग नाही, अंगमेहनत झेपेल अशी तब्येत, सराईत गुन्हेगार किंवा दरोडेखोर नाही, अशी चाळणी लागते. म्हणजे पळण्याची इच्छा ज्याची बरीचशी विझली आहे, तोच तिथवर पोचतो. येरवडा, पैठण, विसापूर, मोर्शी इथल्या खुल्या कारागृहांतही रीत हीच. सकाळी गिनती, मग शेतावर किंवा कारखान्यात काम, संध्याकाळी पुन्हा गिनती. ही सुट्टी नव्हे. शिक्षा सश्रमच आहे, फक्त श्रम उघड्यावर होतात.

स्वतंत्रपूरची गोष्ट मात्र याहून जुनी. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. 1939 च्या सुमारास राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या संमतीने मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याने संस्थानच्या कैद्यांना माळरानावर वसवले. ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ते तर त्याच मुलखातले. चित्रपटात कैदी जेलरच्या दोन डोळ्यांच्या धाकाने परत फिरतात. पडद्यावर ते शोभून दिसते. एरवी डोळ्यांपेक्षा माफीचा तक्ता जास्त काम करतो, असे माझे मत; पण तक्त्यावर चित्रपट कोण काढणार?

तक्त्याइतकेच दुसरे कारण घर. स्वतंत्रपूरला कुटुंब सोबत राहू शकते. पोरे शाळेत जाताहेत, बायको शेतात आहे, तर माणूस पळून जाईल कुठे? इतर कैद्यांना घराचा धागा टिकवायला रजा असते, आणि तिच्याबद्दलही गैरसमज भरपूर आहेत. संचित रजा वागणुकीच्या जोरावर मिळते आणि ते दिवस शिक्षेतच धरले जातात. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, आजारपण किंवा मृत्यू अशा कारणासाठी असते. ते दिवस नंतर भरून द्यावे लागतात. ‘पॅरोलवर मजा मारून आला’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या शिक्षेचा शेवट तेवढाच पुढे गेलेला असतो. घरच्यांच्या ओढाताणीवर महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 2022 मध्ये येरवड्यापासून ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजनाही सुरू केली : कैद्याला 50 हजारांपर्यंत कर्ज, 7 टक्के व्याजाने, फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. मुलीची फी किंवा वकिलाचे पैसे आत बसलेल्या बापाने भरले, की घरात त्याची जागा राहते.

कुणीच पळत नाही, असेही समजू नका. खुल्या कारागृहातून कैदी पसार झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यामागे बहुधा घरचे काही बिनसलेले असते; मनात घर आणि हातात रजा नाही, अशा वेळी गणित सुचत नाही.

राहता राहिली तुम्ही न विचारलेली शंका : एवढे चांगले चालते, तर सगळ्यांनाच तिथे का ठेवत नाहीत? 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि त्यांतले 4,34,302 ‘कच्चे’ कैदी, म्हणजे खटला संपायची वाट पाहणारे. खुले कारागृह फक्त शिक्षा लागलेल्या पक्क्या कैद्यांसाठी असते. गर्दीतला तीन चतुर्थांश भाग त्यामुळे दारातच वगळला जातो, आणि उरलेल्यांतले थोडेच चाळणीतून खाली येतात. म्हणून बंदिस्त तुरुंगांत पाय ठेवायला जागा नसताना बऱ्याच राज्यांत खुल्या कारागृहांतल्या जागा रिकाम्या राहतात. चाळणीची भोके मोठी करता येतील. पण शंभर जण नीट राहिले तर त्याची बातमी होत नाही आणि एक पळाला तर चौकशी अधीक्षकाच्या मागे लागते. नावे पाठवताना त्याचा हात आखडतो तो त्यामुळे.