शस्त्रक्रियेनंतरचा हात आणि रुग्णाचे मन

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत अनेक कुटुंबांची उपजीविका हातांच्या कौशल्यावर चालते. धानाची रोवणी, मोहफुले वेचणे, तेंदूपानांचा पुडा बांधणे ही सर्व चिमटीची कामे होत. कुष्ठरोग हीच चिमटी हिरावून घेतो. कोपरामागून जाणारा मज्जातंतू निकामी झाला की करंगळी व अनामिका आकड्यासारख्या वाकतात आणि त्या भागाची संवेदना लोपते. देशपातळीवर २००५ अखेर या रोगाचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून निर्मूलन झाले असले, तरी या जिल्ह्यांत नवे रुग्ण अद्यापि आढळतात.

शस्त्रक्रिया व तिच्यानंतर

वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. शाबूत स्नायूची कंडरा वळवून वाकलेल्या बोटांना जोडणे, हे त्यांचे तत्त्व. त्यानंतर सुमारे तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये राहतो. खरी कसोटी पुढेच असते. स्नायूकडून नवे काम करवून घेण्यास रुग्णाला रोजच्या व्यायामाने शिकावे लागते. हे काम त्याच्यावाचून कोणीही करू शकत नाही.

मनाचा वाटा

हाताची दुखापत सारखीच असूनही खिन्न व धास्तावलेल्या रुग्णांना वेदना अधिक जाणवते आणि हाताचा वापर कमी होतो, असे हस्तशल्यचिकित्सेतील अभ्यासांत दिसून आले आहे. भीतीने न हलविलेला हात आखडतो व आखडलेला हात पाहून निराशा वाढते. कुष्ठरुग्णाची अडचण याच्या उलट असते. त्याच्या बधिर हाताला तापलेले भांडे किंवा विडीचा चटका कळत नाही. शस्त्रक्रियेने बोटे सरळ होतात; गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. म्हणून हात रोज निरखणे, पाण्यात भिजवून तेल लावणे आवश्यक ठरते. जो स्वतःला टाकाऊ समजतो, तो ही निगा राखीत नाही.

काम हेच औषध

सुधारलेल्या हातांनी परतलेल्या काही रुग्णांना भीकही मिळेना व कामही कोणी देईना, असा अनुभव डॉ. ब्रँड यांना आला. तेव्हा त्यांनी रुग्णांना व्यवसाय शिकविण्याची सोय केली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९५१ मध्ये उभारलेल्या आनंदवनाने हाच विचार व्यापक केला. तेथे कुष्ठमुक्तांनी शेती पिकविली, हातमाग चालविले, इमारती बांधल्या. आपल्या श्रमाची कोणास तरी गरज आहे, या जाणिवेने त्यांना उभे केले.

गावाचे कर्तव्य

बधिर चट्टा दिसलेल्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. बहुविध औषधोपचार तेथे मोफत मिळतो व तो सुरू होताच संसर्गाचा धोका लवकरच संपतो. शस्त्रक्रिया करून आलेल्या ग्रामस्थास पंचायत सदस्यांनी त्याच्या हाताला झेपेल असे रोजगार हमीचे काम मिळवून द्यावे, तसेच पाणवठ्यावर व ग्रामसभेत त्याची जागा राखावी. शल्यचिकित्सकाने सरळ केलेली बोटे कामाला लागावीत, यासाठी गावाने प्रथम त्या माणसाला आपले म्हटले पाहिजे.