रानालगतच्या वस्त्यांसाठी खणांचे टिकाऊ घर

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर (पांढरकवडा), घाटंजी, मारेगाव व झरी जामणी या तालुक्यांत साग व बांबूची पानगळीची राने आहेत. त्यांच्या आश्रयाने कोलामांचे पोड व गोंडांच्या वस्त्या नांदत आल्या आहेत. सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप आणि वर गवत अथवा कवेलू, ही तेथील घरबांधणीची जुनी रीत होय. असे घर उन्हाळ्यात थंड राहते, साहित्य जवळच मिळते व कारागिरी घरचीच असते.

दोष एकच, पण मोठा आहे. जमिनीलगतचे लाकूड कुजते, त्यास उधई लागते, आणि बांबू भुंग्याने पोखरला जाऊन त्याचे पीठ होते. प्रक्रिया न केलेला बांबू छपराखाली साधारण ४ ते ६ वर्षे, तर मातीत पुरलेला १ ते ३ वर्षेच टिकतो. म्हणजे २० वर्षांत एकाच भिंतीसाठी चार-पाच वेळा तोड करावी लागते. हा भार कुटुंबाच्या श्रमांवर पडतो, तसाच रानावरही पडतो. घराचे आयुष्य वाढविले की दोन्ही भार हलके होतात.

खण हेच माप

दोन तुळयांमधील जागेस खण म्हणतात. जुन्या घरांचे माप खणांतच सांगितले जाई. हीच पद्धत पुढे चालवावी. सर्व खण सुमारे अडीच मीटरचे, एकाच मापाचे ठेवावेत. प्रथम दोन खण उभारावेत व ऐपतीप्रमाणे पुढे एकेक जोडावा. कूड सलग न बांधता लाकडी चौकटीत बांबूचे तट्टे बसवून भिंतीचे सुटे भाग करावेत आणि ते खुंटी व पाचर मारून खांबांस अडकवावेत. एखादा भाग खराब झाल्यास तेवढाच बदलता येतो. बाकीच्या घरास हात लावावा लागत नाही. चुलीच्या बाजूची भिंत मात्र विटांची अथवा जाड मातीची असावी.

दमट प्रदेशातही हे तत्त्व उपयोगी ठरले आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या देशात १९९१ साली मोठा भूकंप झाला, तेव्हा बांबूच्या चौकटीवर गिलावा केलेली नवी घरे उभी राहिली होती.

पाया व खांब

काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. यास्तव पाया मुरमापर्यंत न्यावा. जोते किमान दीड फूट उंच असावे. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करावा. खांबासाठी सागाचा आतील पक्का गाभाच वापरावा. बाहेरील पांढरट लाकडास कीड लवकर लागते. वळचण दोन ते अडीच फूट पुढे काढल्यास पावसाचा मारा भिंतीवर येत नाही.

बांबूची तोड

या भागातील मुख्य जात मानवेल होय. पावसाळ्यात नवे कोंब फुटतात, त्या वेळी तोड करू नये; ती हिवाळ्यात करावी. तीन वर्षांची पक्की काठी घ्यावी व जमिनीवरील पहिल्या पेऱ्याच्या वर छाटावी. कोवळ्या काठ्या आणि त्यांना आधार देणाऱ्या काही जुन्या काठ्या बेटात राखाव्यात. बेट उघडे केल्यास पुढील वर्षांचे उत्पन्न घटते.

प्रक्रिया

१०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स व २ किलो बोरिक आम्ल विरघळवावे. थोडे पाणी कोमट केल्यास ही द्रव्ये लवकर विरघळतात. लांब खड्ड्यात जाड प्लॅस्टिक अंथरून त्यात हे द्रावण भरावे. बांबू ओला असतानाच, तोडीनंतर दोन-तीन दिवसांत, सुमारे आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवावा. पोकळ काठीच्या पेऱ्यांस आतून भोके पाडावीत. मानवेलाची भरीव काठी उभी चिरावी. नंतर सावलीत उभा करून वाळवावा. असा बांबू छपराखाली १५ वर्षे व त्याहून अधिक टिकू शकतो. पावसात मात्र हे द्रव्य धुऊन जाते, म्हणून उघड्या जागी त्याचा भरवसा धरू नये. द्रावण पोटात गेल्यास अपायकारक आहे. हातमोजे घालावेत, खड्ड्यास कुंपण घालावे आणि उरलेले द्रावण विहीर, नाला वा शेतात ओतू नये.

परवाना व साहाय्य

वनहक्क कायदा, २००६ अन्वये बांबू हे गौण वनोपज असून हक्क मान्य झालेल्या ग्रामसभेस ते गोळा करता येते. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरील जमिनीवरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. साग तोडण्यास मात्र, तो स्वतःच्या शेतातील असला तरी, परवानगी लागते. कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पंतप्रधान जनमन अभियान सुरू झाले; त्यात घरासाठी २ लाख रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

ग्रामसेवकांनी प्रत्येक पोडावर एक सामाईक खड्डा तयार करवून पहिला खण लोकांसमक्ष उभारून दाखवावा. बांधावर मानवेलाची रोपेही लावावीत, म्हणजे दुरुस्तीचा बांबू पुढे शेतातूनच मिळेल. एकदा तोडलेला बांबू मुले मोठी होईपर्यंत टिकला, तर घराबरोबर रानही राखले जाईल.