काला अंब पाहून आल्यावर रामेनचा वाडगा

पानिपतच्या तिसऱ्या लढाईच्या स्मृतिदिनी, १४ जानेवारीला, महाराष्ट्रातून बरीच मंडळी पानिपतला येतात. सनौली रस्त्याच्या बाजूला, शहरापासून काही किलोमीटरवर काला अंबचं स्मारक आहे. विटांचा खांब, त्यात लोखंडी सळई, भोवती कुंपण आणि बाग. दर्शन, पुष्पचक्र, पोवाडा हे सगळं दुपारपर्यंत आटोपतं. मग धुक्यात आणि गारठ्यात सकाळभर उभं राहिलेल्या माणसाला पोटात काहीतरी कढत हवं असतं. त्या संध्याकाळी रामेनइतकं, म्हणजे कढत रस्स्यातल्या जपानी नूडल्सइतकं, दुसरं काही अंगाला लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. पानिपतात पचरंगा लोणचं उत्तम मिळतं, घोंगड्या-चादरी मिळतात. जपानी जेवणासाठी मात्र गुरुग्राम गाठावं. मारुतीने १९८२ साली सुझुकीशी करार केला, १९८३च्या डिसेंबरात इथल्या, म्हणजे तेव्हाच्या गुडगावच्या, कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली, आणि पुढे मानेसरपर्यंत जपानी कंपन्या आल्या. त्यांच्या माणसांच्या जेवणाची सोय म्हणून इथली जपानी हॉटेलं वाढली. घरापासून दूर असलेल्यांसाठी रांधलेलं अन्न म्हणून मी ती निवडतो.

आधी ठरवायचं. मुरथलला थांबायचं की नाही, हे काला अंबलाच ठरवा. जीटी रोडवर दिल्लीला परतताना मुरथलचे ढाबे लागतातच. तिथला लोणी घातलेला एक पराठा म्हणजे एक जेवण आहे. तो खाल्लात तर रामेन रात्रीपुरतं विसरा. थांबायचंच असेल तर चहा घ्या आणि निघा. दुसरं, हॉटेलला सकाळीच फोन करा. जपानी हॉटेलं बहुधा दुपारी जेवण आटोपून बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. चार वाजता पोचलात तर दारात उभे राहाल. त्याच फोनवर विचारा: शाकाहारी रामेन आहे का, आणि शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात?

पोचायचं. पानिपतहून दिल्ली साधारण ९० किलोमीटर. बसने आलात तर कश्मीरी गेटच्या बसस्थानकावर उतरा. तिथूनच मेट्रोची यलो लाइन मिळते, गाडी न बदलता थेट गुरुग्रामपर्यंत. तो प्रवास साधारण तासाभराचा. रेल्वेने आलात तर नवी दिल्ली स्थानकावरूनही तीच लाइन पकडा. हॉटेल कुठल्या बाजूला आहे त्याप्रमाणे सिकंदरपूर किंवा एमजी रोडला उतरा. जानेवारीत धुक्याने बस रखडते, म्हणून दुपारी दोनच्या आत पानिपत सोडलेलं बरं.

मागवायचं. खरी मेख इथे आहे. मेन्यूत चार नावं सापडतील. शोयू म्हणजे सोया सॉसची चव, शिओ म्हणजे मिठाची, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, आणि तोनकोत्सु म्हणजे डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळून काढलेला दुधासारखा पांढरा रस्सा. भारतात बऱ्याच ठिकाणी कोंबडीच्या हाडांचा तसाच पांढरा रस्सा करतात, त्याला पाईतान म्हणतात. पहिल्यांदाच खात असाल तर शोयू मागवा. त्यात काही लपत नाही. रस्सा चांगला असेल तर लगेच कळतं, वाईट असेल तरीही.

शाकाहारी माणसाने फक्त ‘व्हेज आहे का?’ असं विचारून थांबू नये. वर भाज्या घातल्या म्हणजे वाडगा शाकाहारी झाला, असं नाही. एका वाडग्यात पाच गोष्टी असतात आणि प्रत्येकीची वेगळी चौकशी करावी लागते. तळाशी मसाल्याचा अर्क असतो, त्याला तारे म्हणतात. त्यावर रस्सा. वर थोडं सुगंधी तेल. मग नूडल्स, आणि सर्वांत वर टॉपिंग. तारेमध्ये आणि रस्स्यात दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं पातळ सार, असू शकते. ती बहुधा बोनिटो नावाच्या सुकवलेल्या माशाच्या कापांची असते. नुसत्या कोम्बू या समुद्री शेवाळाची आणि शिटाके मशरूमची दाशी मात्र शाकाहारी. मिसो स्वतः शाकाहारी असतो, पण मिसो रामेनचा रस्सा बहुतेकदा हाडांचाच. तेलात चरबी असू शकते. नूडल्समध्ये कधी अंडं असतं. तेव्हा वाढप्याला सरळ हिंदीत विचारा, “शोरबा किस चीज़ का है? दाशी में मछली है? तेल कौन सा है? नूडल में अंडा है?” त्याला माहीत नसेल तर आत विचारून यायला सांगा. यात संकोच नको. चांगल्या हॉटेलात आचारी स्वतः बाहेर येऊन सांगतो. उत्तर गुळमुळीत आलं तर भाज्यांचा टेम्पुरा म्हणजे जपानी भजी, भात आणि काकडीचं सॅलड मागवून मोकळे व्हा. टेम्पुराबरोबरच्या सॉसमध्येही मासा असतो, तो बाजूला ठेवायला सांगा.

सोया, गहू, तीळ किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर तीही याच वेळी सांगायची.

बरोबर आई-वडील आणि मुलं असतील तर माणशी एक वाडगा मागवण्याची गरज नाही. जपानात मोठ्या माणसाने आपला वाडगा मागवावा अशी अपेक्षा असते, इथे नाही. तिघांत दोन रामेन, एक प्लेट ग्योझा (मोमोसारखे जपानी डंपलिंग) आणि रिकाम्या वाट्या मागवा. काही ठिकाणी नूडल्स कडक हव्यात की मऊ, असं विचारतात. थोड्या कडक सांगा. कढत रस्स्यात त्या मऊ होतच राहतात.

खायचं. वाडगा आला की फोटो एकच काढा. रामेनला वेळ चालत नाही. नूडल्स रस्सा पितात, फुगतात, आणि पंधरा मिनिटांत त्यांचा चिवटपणा जातो. हा चिवटपणा आणि पिवळसर रंग येतो कान्सुई नावाच्या क्षारयुक्त पाण्याने. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो, तेच काम इथे कान्सुई करतं.

ढवळू नका. आधी वास घ्या. पृष्ठभागावर तेलाची बारीक नाणी तरंगत असतात, त्यांच्याखालून पोर्सिलीनचा चमचा अलगद आत घाला आणि रस्सा दोनदा तसाच चाखा. पहिल्या घोटात तेल आणि सुवास येतो, दुसऱ्यात मीठ. मग तळातल्या नूडल्स चॉपस्टिकने वर उचला, म्हणजे खालची तारे आपोआप मिसळते.

चॉपस्टिक धरताना खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून स्थिर ठेवा. वरची पेनासारखी धरा. हलते ती फक्त वरची. एका वेळी चार-पाच दोरेच उचला. जमलं नाही तर काटा मागा, कुणी काही म्हणत नाही. दोनच गोष्टी टाळा. काड्या भातात उभ्या खोचू नका आणि एका काडीवरून दुसऱ्या काडीवर घास देऊ नका. जपानात दोन्ही गोष्टी अंत्यविधीत होतात.

आता भुरका. लहानपणी ताटावर आवाज केला म्हणून आपण बोलणी खाल्लेली असतात, त्यामुळे इथे मन अडतं. अडू देऊ नका. चेहरा वाडग्याजवळ न्या, नूडल्सचं टोक ओठांत धरा आणि फुर्रकन ओढा. हवेबरोबर नूडल्स थोड्या निवतात आणि रस्स्याचा वास घशातून नाकात चढतो. आवाज न करता खाल्लेलं रामेन अर्धंच कळतं. शर्टावर थेंब उडणार, म्हणून हातरुमाल गळ्याशी खोचा. स्मारकाला पांढरे कपडे घालून गेला असाल तर नक्कीच.

टॉपिंगला क्रम आहे. नोरीचा, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा, पापुद्रा आधी खा, तो लगेच मऊ पडतो. मांसाचा काप रस्स्यात बुडवून ठेवा, त्याची चरबी कोमट झाली की खा. वाडगा अर्ध्यावर येईपर्यंत अंडं राखा. पांढरा भाग सोया सॉसने तपकिरी झालेला असतो, आतला बलक मधासारखा दाट. चमच्यात रस्सा घेऊन त्यावर अर्धं अंडं ठेवा आणि एका घासात घ्या. त्या घासासाठीच मी मुरथलचा पराठा सोडतो.

तिखट लागणाऱ्यांनी सुरुवातीला दम धरावा. अर्धा वाडगा जसा आला तसा खा, त्यानंतर रायू म्हणजे मिरचीचं तेल, काळी मिरी किंवा लसूण घाला. चव पालटली की एका वाडग्यात दोन जेवणं होतात.

नूडल्स संपवायच्याच. त्याचं कारण पानिपतातच आहे. मराठ्यांवर चालून आलेल्या अहमदशाह अब्दालीने १७६०च्या ऑक्टोबरअखेर बागपतला यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट तोडली. डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशाही गेली. अडीच महिने छावणीत अडकलेली फौज उपाशी पोटी रणात उतरली. सकाळी त्या मातीवर डोकं टेकवून आलेल्या माणसाला रात्री ताटात अन्न टाकवत नाही, निदान मला तरी नाही. रस्स्याचं मात्र वेगळं आहे. त्यात मीठ बरंच असतं. रक्तदाब असलेल्यांनी तो उरवावा. जपानातही रस्सा उरवणं उद्धटपणाचं मानत नाहीत. बाकीच्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलून प्यायला हरकत नाही.

उठायचं. बाहेर कुणी वाट पाहत असेल तर जेवून गप्पा मारत बसू नका. बिल नीट वाचा. जीएसटी असणारच. सेवाशुल्क लावलं असेल आणि द्यायचं नसेल तर काढायला सांगा. ते सक्तीने घेता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५च्या मार्चमध्ये स्पष्ट केलं आहे. सेवा मनापासून आवडली तर त्या माणसाच्या हातात पैसे द्या. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात उतरला असाल तर यलो लाइननेच केंद्रीय सचिवालय स्थानकापर्यंत या, पुढे रिक्षा मिळते. शेवटच्या मेट्रोची वेळ उतरतानाच स्थानकावरच्या फलकावर पाहून ठेवा, आणि त्या हिशेबाने नऊच्या सुमारास खुर्ची सोडा.