स्वतःचा सर्व्हर काढण्याआधी

चि. ओंकार,

मास्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून बनलेल्या सोशल नेटवर्कवर दुसऱ्याच्या सर्व्हरवर खातं उघडण्यापेक्षा स्वतःचाच सर्व्हर उभा करायचा, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा आपल्याकडची बरीच मंडळी मास्टोडॉनवर आली. आपलं बोलणं एका कंपनीच्या मर्जीवर चालू नये, ही तुझी तळमळ रास्तच आहे. पण मग सर्व्हर सांभाळायची जबाबदारी तुझ्या अंगावर येते.

आधी डोमेनचं बघ. तुझं खातं त्या नावाशी कायमचं बांधलं जातं. एकदा इतर सर्व्हरशी देवाणघेवाण सुरू झाली की नाव बदलता येत नाही. फॉलोअर दुसऱ्या खात्यावर नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. म्हणून दिसायला झकास नावाच्या मोहात पडू नकोस. 'क्विअर डॉट एएफ' हा सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये असाच गेला. डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन; तालिबानच्या मंत्रालयाने ते नाव रद्द केलं आणि त्यावरचे सगळे पत्ते एका फटक्यात निकामी झाले. तू आपलं साधं डॉट इन घे आणि नूतनीकरणाची तारीख चुकवू नकोस.

सर्व्हर घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवायचा असेल तर ब्रॉडबँडवाल्याला पब्लिक आयपी देतो का ते विचार. अनेक ग्राहकांना एकच आयपी वाटून देणाऱ्या सीजीनॅटच्या मागे असशील तर बाहेरचे सर्व्हर तुझ्यापर्यंत थेट पोचणारच नाहीत. वीज थोडा वेळ गेली तर घाबरायचं कारण नाही, बाहेरचे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पण आठवडाभर बंद राहिलास तर पाठवणंच थांबवतील.

एकट्यासाठी पूर्ण मास्टोडॉन मला जड वाटतं. त्याला पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक असा सगळा लवाजमा लागतो. मास्टोडॉनशी जोडलं जाणारं गोटूसोशल हे हलकं सॉफ्टवेअर एसक्यूलाइट डेटाबेसच्या एका फाइलवरही चालतं. त्याला स्वतःची टाइमलाइनची स्क्रीन नाही, पण फोनवर टस्की हे ॲप घेतलंस की काम भागतं.

बॅकअपच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरणार आहे. डेटाबेस, कॉन्फिग आणि अपलोड केलेले फोटो, तिन्ही रोज दुसरीकडे गेले पाहिजेत. खात्याची ओळख पटवणारी खाजगी की (प्रायव्हेट की) डेटाबेसातच असते. ती गेली तर त्याच नावाने परत आलास तरी बाकीचे सर्व्हर तुला ओळखायला कां-कूं करतील. आणि फाइल तयार झाली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नकोस. दुसऱ्या मशीनवर, बाहेरचं नेटवर्क तोडून, ती उतरवून बघ. लॉगिन होतंय का, जुने फोटो उघडतायत का, डोळ्यांनी पाहा.

हे जमेपर्यंत मित्रांना खाती देऊ नकोस, कितीही गळ घातली तरी. त्यांचे खाजगी मेसेज एन्क्रिप्टेड नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला डेटाबेसात वाचता येतात. एवढा विश्वास अंगावर घेणं सोपं नाही. शिवाय मास्टोडॉनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्येच अशी त्रुटी निघाली होती की परक्याला दुसऱ्याचं खातं बळकावता आलं असतं. अपडेट तातडीने बसवावं लागलं. असं काही तुझ्या सेमिस्टरच्या पेपरांच्या आदल्या रात्री आलं तर कोण बसवणार, हे आधी ठरव.

दोन-तीन नावं सुचली की मला पाठव, पैसे भरण्याआधी बोलू. ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी