कमरेचा कोयता नेमका कुठे असावा?

राबासाठी कवळ तोडायचे दिवस आले, की कुंभिवलीपासून कर्जतच्या डोंगरवाड्यांपर्यंत कमरेला आकड्या दिसू लागतात. पाठीमागे लाकडाची आकडी, तिच्यात अडकवलेला कोयता आणि झाड चढायला दोन्ही हात मोकळे. ही सोय इतकी चांगली आहे, की ती सोडा असे मी कुणालाच सांगणार नाही. फक्त आकडी मणक्यावरून चार बोटे बाजूला घ्या, आणि बसायच्या आधी ती उतरवा. स्वतःच्या कमरेवर हात फिरवून पाहा. मधोमध मणक्यांची टोके बोटांना लागतात, त्यांच्यावर कातडीशिवाय फारसे काही नाही. दोन्ही अंगांना मात्र स्नायूंचे जाड पट्टे आहेत. ओल्या बांधावरून पाय सटकून माणूस पाठीवर आपटला, तर मधोमध असलेले लाकूड थेट हाडावर बसते. बाजूला असेल तर तो मार आधी स्नायू झेलतात.

मग आणखी पुढे, कुशीवर का नको? कमरेचे हाड पुढे जिथे टोकदार लागते, त्याच्या आतल्या अंगाने एक नस मांडीत उतरते. आकडीच्या दोरीची गाठ तिथे तासन्‌तास रुतली, की मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, आग होते, कपड्याचा स्पर्शही नकोसा होतो. या दुखण्याला वैद्यकात १८९५ सालीच नाव मिळाले, आणि घट्ट कमरपट्टा हे त्याचे जुने, ओळखीचे कारण आहे. पोट सुटलेली माणसे, मधुमेही आणि गरोदर बाया यांना ते लवकर गाठते. ही नस केवळ संवेदनेची, त्यामुळे पायातली ताकद जात नाही. दाब काढला की बहुतेकांना हळूहळू उतार पडतो. म्हणून गाठ हाडाच्या टोकावर येऊ देऊ नका, आणि बारीक सुतळीऐवजी रुंद पट्टा किंवा दोरीखाली घडी केलेले फडके वापरा.

‘बापजाद्यांनी आकडी मधोमधच बांधली, त्यांना काय झाले?’ हा प्रश्न रास्त आहे. पाठीमागचा कोयता फांदीत अडकत नाही, मांडीला लागत नाही, हे त्यांनी बरोबर हेरले होते. चार बोटांनी तो गुण जात नाही. पण ते चालत जात. आज कोयता कमरेला तसाच ठेवून माणूस मोटरसायकलवर बसतो, खड्ड्याखड्ड्याला तेच लाकूड कमरेत ढोसते. कमरेवर ओझे वागवणाऱ्या पोलिसांवर अमेरिकेतल्या ओ क्लेअर शहरात अभ्यास झाला. पट्ट्यावरचे बरेचसे सामान जाकिटावर हलवल्यावर त्यांचे कमरेचे आणि पाठीचे दुखणे कमी झाले. कोयता त्या मानाने हलका, हे खरे. मात्र बसल्यावर प्रश्न वजनाचा राहत नाही, रुतण्याचा राहतो, आणि पडल्यावर पात्याचा. गाडीवर बसण्याआधी पाते गोणपाटात गुंडाळून घट्ट बांधा. दोन मिनिटांचे काम आहे.

कंबरदुखीबरोबर पाय लुळा वाटू लागला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर आकडी हलवून बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पाते लागलेच, तर जखमेत तंबाखू किंवा हळद भरू नका. स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि धनुर्वाताची शेवटची सुई पाच वर्षांपेक्षा जुनी असेल, तर आरोग्य केंद्रात तसे आवर्जून सांगा.