सस्पेन्शनचे बोल्ट आणि योग्य टॉर्क : एक पाठ

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडून मोटारदुरुस्तीच्या धंद्यात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांची संख्या थोडी नाही. प्रस्तुत पाठ लिहिणारे आम्ही त्यांच्यापैकीच आहोत. स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतात, आणि त्या याव्यातच. परंतु ज्या विद्येवर आमच्या घरच्या चुली पेटतात तिचाही एक धडा येथे असावा, असे आम्हांला वाटले. विषय वरवर पाहता किरकोळ आहे : मोटारीच्या सस्पेन्शनचे बोल्ट नेमके किती आवळावेत. परंतु घाटात गाडीचे पुढचे चाक ज्या लोअर आर्मने धरून ठेवलेले असते, तो आर्म स्वतः दोन-तीन बोल्टांनीच धरलेला असतो. त्यांतला एक निसटला तर स्टिअरिंग हातात राहते आणि गाडी मात्र हाती राहत नाही. गाडीत बसलेल्यांना हा बोल्ट कधी दिसतही नाही. तो आवळणाऱ्याच्या हातावर ते विश्वास टाकून असतात.

आमच्यापैकी बहुतेकजण उस्तादांच्या मागे उभे राहून शिकलो. 'हाताला जड लागेपर्यंत आवळ, मग वर पाव फेरा दे' हे त्या शिक्षणातले सूत्र. उस्तादांच्या हाताविषयी आम्हांला आजही आदर आहे. तरीही हे म्हटले पाहिजे की, हाताला कळतो तो हाताचा स्वतःचा जोर. बोल्टच्या पोटात काय चालले आहे ते हाताला कळत नाही. सकाळचा हात आणि दिवसभर खाली वाकून दमलेला संध्याकाळचा हात एकच नसतो. लांब पान्याने हलके वाटते ते आखूड पान्याने जड वाटते.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. शाळेत शिकलेल्या तरफेपलीकडे त्यात काही नाही. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. पान्याच्या टोकाला लावलेले बल गुणिले बोल्टच्या मध्यापासूनचे अंतर. २५ सेंटीमीटरच्या पान्यावर २० किलो वजनाइतका जोर लावला, तर टॉर्क सुमारे ४९ न्यूटन-मीटर होतो. आता पंक्चर काढताना नेहमी दिसणारे दृश्य घ्या. ७० किलो वजनाचा मनुष्य ३० सेंटीमीटरच्या व्हीलपान्याच्या टोकावर उभा राहतो. टॉर्क होतो सुमारे २०६ न्यूटन-मीटर. बहुसंख्य लहान मोटारींच्या चाकांच्या नटांना ८५ ते ११० च्या आसपास टॉर्क सांगितलेला असतो. म्हणजे पान्यावर उभा राहणारा नट सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट कसतो. टायरच्या दुकानातील हवेची गन तर कित्येकदा ५०० न्यूटन-मीटरच्याही पुढे जाते. पालकांपैकी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी टायर बदलून झाल्यावर नट साध्या टॉर्क पान्याने पुन्हा कसून मागावेत, आणि तेही वर्तुळाने एकामागून एक नव्हे, समोरासमोरचे आलटूनपालटून.

जास्त कसले तर बिघडते कोठे, असा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर बोल्टच्या स्वभावात आहे. बोल्ट हा खिळा नाही. तो एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. नट आवळत गेले की बोल्ट केसाइतका लांबतो, आणि पुन्हा आखूड होण्याच्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. सांधा टिकतो तो या दाबामुळे. लोअर आर्मवर खड्ड्यांचे जे आडवे धक्के येतात ते बोल्टच्या दांड्याने पेलायचे नसतात. दाबलेल्या पृष्ठभागांमधील घर्षणाने पेलायचे असतात. दाब कमी पडला की भाग एकमेकांवर सूक्ष्म सरकू लागतात. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगांनी दाखवून दिले की, बोल्ट सैल होतात ते मुख्यतः अशा आडव्या सरकण्यामुळे. भाग सरकू लागले की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. त्याच पद्धतीच्या चाचण्यांत साधा स्प्रिंग वॉशर फारसा उपयोगी ठरत नाही, हेही दिसून आले आहे. आमच्या व्यवसायात स्प्रिंग वॉशरवर असलेली श्रद्धा पाहता हे ऐकणे अनेकांना जड जाईल.

उलट बाजूने, बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला की तो पुन्हा पूर्ववत होत नाही. तो कायमचा लांबतो, त्याची ओढ मरते, आणि तो दिसायला धडधाकट असतो. पुढे कधीतरी एका खड्ड्यात तो तुटतो.

टॉर्क आणि ओढ यांचे नाते घर्षणावर अवलंबून असते, आणि हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो. कारण बहुतेक घोटाळे येथेच होतात. पान्याला लावलेल्या जोरापैकी सुमारे निम्मा जोर नटच्या खालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि बोल्ट ताणण्याच्या कामी येतो तो जेमतेम १० टक्के. कोरड्या, स्वच्छ, १२ मिलिमीटरच्या बोल्टला ८० न्यूटन-मीटर दिले, तर सर्वसाधारण हिशेबाने सुमारे ३,४०० किलोची ओढ निर्माण होते. त्याच बोल्टच्या आट्यांना तेल लावून तेच ८० दिले, तर ओढ ४,८०० किलोच्या आसपास पोहोचू शकते. गंजलेल्या आट्यांवर मात्र ती २,३०० पर्यंत घसरते. टॉर्क पान्याने तिन्ही वेळा सारखाच 'टक' आवाज केलेला असतो! डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला १२ मिलिमीटरचा बोल्ट सुमारे साडेपाच टनांच्या ओढीला कायमचा लांबू लागतो, आणि आवळताना त्याला पीळही बसत असल्याने प्रत्यक्षात त्याच्याही थोडे आधी. तेव्हा 'थोडे ऑइल लावले की बरे बसते' ही सवय किती महाग आहे ते पाहावे. नियम असा : कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलने तेल लावायला सांगितले नसेल, तर आटे तारेच्या ब्रशने साफ करून कोरडेच बसवायचे.

डोक्यावरच्या आकड्याचा अर्थही माहीत असावा. ८.८ मधील पहिला ८ म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तुटण्याची ताकद. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, कायमचे लांबणे सुरू होते. १०.९ असेल तर १,००० आणि ९००. हार्डवेअरच्या दुकानातून 'तसाच दिसणारा' बिनआकड्याचा बोल्ट आणून सस्पेन्शनला लावणे हा केवळ आळस नव्हे, तो अपराध आहे असे आम्ही मानतो.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरण म्हणून आपल्याकडच्या लहान मोटारींत सर्वत्र दिसणारी मॅकफर्सन स्ट्रटची पुढची बाजू घेऊ. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही होती. खाली एक लोअर आर्म, त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या टोकाला रबरी बुश, आणि वर स्ट्रट, म्हणजे आमच्या बोलीतला शॉकअप. लोअर आर्म बदलायचा आहे असे समजा.

काम सुरू करण्यापूर्वी, गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. हे कशासाठी, ते पुढे येईल. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मग तो कितीही घाईत असो. जुने नट सोडवण्यासाठी टॉर्क पाना वापरू नये, त्याने पान्याचे माप बिघडते. कोकणासारख्या खाऱ्या हवेत बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसतो. तेथे घण घालून आर्मचा कंस वाकवण्यापेक्षा बोल्ट कापून नवा घालणे स्वस्त पडते. आत नायलॉनचे कडे असलेला नट एकदा निघाला की तो टाकून द्यावा.

बॉल जॉइंटची निमुळती दांडी आणि तिचे भोक दोन्ही कोरडे, स्वच्छ हवेत. तेथे ग्रीस नको. खाचांचा नट आणि फाटपिन असेल, तर सांगितलेल्या टॉर्कपर्यंत आवळून, खाच पिनेच्या भोकासमोर येईपर्यंत नट पुढेच न्यावा. खाच जुळत नाही म्हणून नट मागे सैल करणे सर्रास चालते आणि ते सर्वथा चूक आहे.

आता रबरी बुश. या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, असे आमचे मत आहे. बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्ट आवळताच कंसात घट्ट पकडली जाते; ती फिरत नाही. बाहेरचे कडे आर्मसोबत वर-खाली होते आणि मधले रबर पीळ खाते. रबर हा पीळ दोन्ही बाजूंना थोडाथोडा सहन करते. परंतु गाडी स्टँडवर असताना चाक खाली लोंबत असते. आर्म ३२ सेंटीमीटर लांब आणि चाक ८ सेंटीमीटर खाली उतरलेले असेल, तर आर्म सुमारे साडेचौदा अंशांनी कललेला असतो. त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर नळी तेथेच जखडते, आणि गाडी जमिनीवर येताच रबराला साडेचौदा अंशांचा पीळ कायमचा बसतो. गाडी नुसती उभी असतानाही रबर ताणलेलेच. त्यावर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. असे बुश काही महिन्यांतच फाटते. आमच्यापैकी एकाकडे नवे आर्म घातलेली एक गाडी चार महिन्यांत खडखडाट करीत आली. दोन्ही बाजूंची बुशे एकाच दिशेने फाटलेली होती. मालकाने दोष सुट्या भागांना दिला होता. काम दुसऱ्या एका गॅरेजात झाले होते, त्याचे नाव सांगण्यात हशील नाही. भाग अस्सल होते. बोल्टही योग्य टॉर्कलाच आवळलेले असावेत, पण हवेत.

म्हणून बुशचे बोल्ट आधी नुसते हाताला लागेपर्यंत आवळावेत. मग बॉल जॉइंटच्या खाली दुसरा जॅक लावून, गाडी स्टँडवर असतानाच, आर्म हळूहळू वर उचलावा आणि चाकाचा मध्य ते मडगार्डची कड हे अंतर सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्याइतके आले की थांबावे. त्यानंतरच शेवटचा टॉर्क द्यावा. खाली उतरण्याची सोय असलेला पिट किंवा चाकांवर गाडी उभी राहणारा रॅम्प असेल, तर गाडीचे वजन चाकांवर असतानाच आवळणे सर्वांत चांगले. पाचएक मिनिटांचे जास्तीचे काम आहे.

स्ट्रटला चाकाच्या गाठीशी जोडणारे दोन बोल्ट आवळताना बोल्टचे डोके धरून नट फिरवावा. काही गाड्यांत बोल्टच्या मानेवर दाते असतात, डोके फिरवले तर ते घासून जातात. शॉकअपच्या माथ्यावरचा नट गनने आवळू नये. दांडी आतल्या आत फिरते आणि सील खराब होते. स्प्रिंग दाबून धरण्याचे काम हा स्वतंत्र आणि धोक्याचा विषय आहे. ते शिकल्याशिवाय कोणी त्याला हात घालू नये.

आकडा नेहमी त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. एका कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असतो. काही ठिकाणी 'इतके न्यूटन-मीटर, आणि वर ९० अंश' असे लिहिलेले आढळते. तेथे अंशही मोजायचे असतात, आणि असे बोल्ट बहुधा पुन्हा वापरायचे नसतात. एककांकडेही लक्ष असावे. १०० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १०.२ किलो-मीटर, किंवा ७४ फूट-पौंड. पान्याच्या दोन बाजूंना दोन मापे कोरलेली असतात. १०० चा आकडा चुकून फूट-पौंडांच्या बाजूला लावला तर बोल्टला १३६ न्यूटन-मीटर बसतात. मॅन्युअल इंग्रजीत असते म्हणून अनेक हुशार हात त्याच्यापासून दूर राहतात. आपल्या शाळेच्या मुलांना तरी ही सबब नाही.

टॉर्क पाना मुठीच्या मध्यावर धरावा, झटका न देता सावकाश ओढावा, आणि 'टक' झाले की थांबावे. खात्रीसाठी दुसरी, तिसरी टक देणाऱ्याने प्रत्येक वेळी बोल्ट थोडा पुढे नेलेला असण्याचा संभव असतो. पान्याच्या टोकाला आडवा जोड लावून लांबी वाढवली, तर आकडा कमी करावा लागतो : ४० सेंटीमीटरच्या पान्याला सरळ रेषेत ५ सेंटीमीटरचा जोड लावून १०० न्यूटन-मीटर हवे असतील, तर पाना ८९ वर लावावा. सॉकेटखाली उभी लावलेली दांडी मात्र या हिशेबात येत नाही. वर्षातून एकदा, किंवा ५,००० वेळा वापर झाल्यावर, पाना तपासून घ्यावा.

प्रत्येक बोल्ट पूर्ण झाला की नट आणि कंस यांवरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे कळते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, आणि शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा बोलावून त्या रेघा पाहाव्यात. गिऱ्हाइकाच्या बिलावर बदललेले भाग, दिलेला टॉर्क आणि किलोमीटरचा आकडा लिहून द्यावा. शेवटी टॉर्क पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून, पुसून, त्याच्या पेटीत ठेवावा. ताणलेला तसाच ठेवला तर त्याच्या आतली स्प्रिंग थकते.